बारवेतला नारोबा

माझ्या मामांइतका उद्योगी माणूस आमच्या आळे गावात झाला नाही, अख्ख्या जुन्नर तालुक्यात झाला नाही, आणि आंबेगावकर कबूल करणार नाहीत, पण तिकडेही झाला नाही. शेती, चित्रं, पोवाडे आणि गावाची कामं ही चार वेगळ्या माणसांनी करायची चार वेगळी कामं आहेत, हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. औत धरता धरता ते पोवाडा रचत आणि चाल सापडली की बैलांना थांबवून ऐकवत. त्यांच्या शेतातले नांगराचे तास इतके वाकडे, की कावळेसुद्धा त्यात वाट चुकत. चावडीचं छप्पर गळतं म्हणून अर्ज करायचा, तर तो त्यांनी जुन्नरच्या कचेरीत उभं राहून डफावर गायला. कारकून म्हणाला, "लिहून आणा." मामा म्हणाले, "लिवलेलं तुमी दप्तरात बांधून ठिवता, रावसाहेब. आता ह्ये बांधून दावा." आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू झाले. सातव्या कडव्याच्या धास्तीनं सहाव्यालाच सही झाली म्हणतात.

या माणसाचं हसू फक्त एका गोष्टीनं मावळे, ती म्हणजे नारू. त्या काळी आमच्या पायऱ्यांच्या बारवेचं पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून वर्षाभरानं दोऱ्यासारखा पांढरा किडा निघायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय गेलाच समजा. मामीच्या टाचेतला असाच तुटला आणि तो सगळा उन्हाळा ती ओसरीपासून चुलीपर्यंत रांगत गेली. मामांनी आठ कोस चालत जाऊन जुन्नरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, नारू झालेले पाय पाण्यात बुडतात आणि किड्याची पिलं तिथून पाण्यात उतरतात. तेव्हा पाय पाण्याबाहेर ठेवा आणि पाणी गाळून प्या. मामा धावतच परतले. वाटेत तीन टांगे मागे टाकले, असं ते स्वतःच सांगत. टांगेवाल्यांचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

मग पोळा आला. बैल रंगवायला सगळा गाव मामांकडे येई. त्यांनी तीन बैलांच्या कुशीवर एकेक शब्द काढला, 'पाणी', 'गाळून', 'प्या'. ऐन मिरवणुकीत वाजंत्र्यांना बुजून 'गाळून' जो उधळला, तो मंचरच्या रस्त्याला सापडला. उरलेल्या दोघांनी वेशीपर्यंत गावाला नुसतं पाणी प्यायला सांगितलं.

मामा खचणारे नव्हते. बारवेच्या शेवटच्या पायरीवर, पाण्याच्या अगदी कडेला, त्यांनी भिंतीवर नारू रंगवला. काय तो नारू होता! पाच हात लांब, डोळे ताटाएवढे, जिभेला गेरू, दाताला चुना. हे बघून बायाबापड्या पायरीवरूनच परत फिरतील, असा हिशेब. चौथ्या दिवशी त्याच्या कपाळाला शेंदूर लागला. आठव्या दिवशी त्याचा नारोबा झाला. शेंदूर लावायला, नारळ फोडायला लोक घोट्याघोट्याएवढ्या पाण्यात उभे राहू लागले. एरवी जे पाण्याकडे फिरकत नव्हते, तेही आले. मामा चुन्याची बादली घेऊन पुसायला गेले, तर पाटलांची म्हातारी आडवी आली. "देव पुसतूस व्हय रं मुडद्या?"

त्या वर्षीच्या जत्रेत मामा पंधरा हात पांढरं धोतर अंगाला गुंडाळून नारू बनून तमाशाच्या फडावर उभे राहिले. दोन पैलवानांनी धोतराचं टोक मुसळाला बांधून गुंडाळायला घेतलं, तसे मामा गरगरत थेट पाटलांच्या मांडीत गेले आणि तिथूनच हात जोडून बोलले, "मी देव न्हाई, बाबांनो. किडा हाय. मला नारळ नगं. तुमी पाण्यात पाय घालता म्हून मी जगतो. पाय वर ठिवा, मी मरतो."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "देव लई नम्र हाय, राव."

म्हातारी उठली. "ऐकलं का? पाय वर ठिवा म्हनतोय."

देवाची आज्ञा झाल्यावर काय उशीर. बाजारातल्या मारवाडी शेटजींनी लोखंडी कप्पी दिली, सुतारानं बारवेच्या काठावर खांब रोवले, पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या आणि गाव वरून दोरानं पाणी ओढू लागलं. एकटे मामा तोंड पाडून बसले. "पटलं न्हाई गं त्यांना. नुसतं ऐकलं."

मामी म्हणाली, "माज्या टाचंला काय फरक पडतूय?"

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघालाच, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुरळक. नंतर मामा भल्या पहाटे झोपलेल्या मामीची टाच निरखून बघत आणि ती साफ दिसली की बाहेर जात. आणखी काही वर्षांनी काटे सुकून विस्कटले आणि ते पुन्हा कुणी लावले नाहीत. तेव्हा मी आणि मामा बारवेच्या काठावर बसलो होतो. गावात आलेली एक नवी सून पाणी ओढता ओढता खाली वाकली. भिंतीवर आता एक डोळा आणि थोडी जीभ एवढंच उरलं होतं.

"मामा, त्ये चित्र कुनाचं ओ?"

मी मामांकडे पाहिलं. या प्रश्नावर एके काळी त्यांनी सूर्य मावळेपर्यंत गायलं असतं.

"एक पावणा व्हता, पोरी," ते म्हणाले. "गेला त्यो."

ती घागर घेऊन निघून गेली. मी विचारलं, पुन्हा रंग भरू या का? मामांनी खाली वाकून त्या उरलेल्या डोळ्याकडे पाहिलं. इतकं चांगलं चित्र त्यांच्या हातून पुन्हा कधी उतरलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"नगं," ते म्हणाले. "पुसून जाऊ दे."