लेकुरवाळीची खिंड

बाळानं डोळे पांढरे केले, तवा आम्ही नेमक्या लेकुरवाळीच्या खिंडीत होतो. फार पूर्वी इथं एका बाईचं तान्हं गेलं, म्हणून हे नाव. येणाऱ्या आईनं लेकरू शिळेवर टेकवून तिला दाखवायचं, नाहीतर ती नेते म्हणतात.

“टेकव गं त्याला!” सासूबाई ओरडल्या.

“आत्या, अंग भाजतंय त्याचं! दवाखाना खाली दिसतोय!”

त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नाही, दुःख तेवढं खिंडीला चिकटलंय. मनात म्हणलं, बाई, तूबी आईच ना, जाऊ दे. अन् पळत सुटले. वळून बघते, तर सासूबाई स्वतःच शिळेवर बसलेल्या, पदर पसरून. “त्याच्या बदली मला ने!”

मी थांबले नाही. तुम्ही थांबला असता का?