म्हशी दाखवलेल्या नाहीत

नासिरियातल्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून विदादबाई निवृत्त झाल्या, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. सगळं गाव त्यांना ‘सित्त’ म्हणे, म्हणजे आपलं ‘बाई’. नवरा गेल्यापासून नुसतं विदाद म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. एकदा दिलेला गुण सित्तनी कधी बदलला नव्हता. सख्ख्या भाचीला नापास केलं तेव्हा बहीण दोन ईदा घरी फिरकली नाही. तिसऱ्या ईदला आली, तर सित्तनी चहाआधी तिच्यापुढे उत्तरपत्रिका ठेवली.

आता त्या उस्ताद मुन्धिर यांच्या खासगी क्लासात पेपर तपासत. उस्तादांना दोन वेडं. एक आंतरराष्ट्रीय दर्जा आणि दुसरं कागदाची बचत. दोन्ही एकाच दमात. “सित्त, आपला दर्जा आंतरराष्ट्रीय, बरं का! म्हणून म्हणतो, एका पानावर दोन प्रश्न बसवा. आणि पाठकोरे कागद घ्या, कोरे कशाला?”

त्या उन्हाळ्यात नदीचं पाणी मोजणाऱ्या एका परदेशी पथकाला इंग्रजीत अहवाल लिहिणारा माणूस हवा होता. चाचणी घेण्याचं काम क्लासाकडे आलं. नऊपैकी सहा मिळाले तरच नाव पुढे जाणार. बसले बाराजण. अकरा शहरातले, याच क्लासात शिकलेले. बारावा जासिब, चिबायिशच्या पाणथळीतला म्हशीवाला. परदेशी पाहुण्यांना होडीतून फिरवता फिरवता त्यानं इंग्रजी उचललं होतं, तेही असं की पाहुण्यांचा खोकलासुद्धा हुबेहूब काढायचा. पण आता होडी चिखलात रुतली होती. खारं पाणी पिऊन सात म्हशी मेल्या होत्या. ही नोकरी मिळाली तर बायकापोरांना घेऊन शहरात यायचं, नाहीतर उरलेल्या म्हशी खाटकाला देऊन वाट फुटेल तिकडे जायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

प्रश्न होता निसर्गातल्या एका घडामोडीचा. शेजारीशेजारी चार चित्रं: मासे असलेलं भरलेलं तळं, बोरूचं बन, चिखल, आणि गवत उगवलेली कोरडी जमीन. काय घडतं ते क्रमानं लिहा. स्वतःचं मत नको, चित्रात नाही ते नको. क्रम चुकला तर पाचाच्या वर जायचं नाही, हा नियम.

सित्तनी अकरा पेपर सरळ तपासले. अकराही जणांचं तळं निमूटपणे सुकलं. मग जासिबचा पेपर. “प्रथम कोरडी जमीन दिसते. त्यानंतर ती ओली होते. चिखलातून बोरू उगवतो. शेवटी सगळीकडे पाणी भरतं आणि पाण्यात मासे आढळतात.” वाक्यं स्वच्छ, क्रियापदं जिथल्या तिथं. अगदी खाली एकच ओळ: “चित्रात म्हशी दाखवलेल्या नाहीत.”

सित्त हसल्या. हसता हसताच त्यांनी पाच लिहिला.

प्रश्न ज्यातून घेतला ते मूळ पुस्तक परत ठेवण्याआधी त्यांनी सहज उघडलं. चित्रांच्या खाली एक पट्टी होती. तिच्यावर वर्षं लिहिलेली आणि डावीकडून उजवीकडे जाणारा लांब बाण. परीक्षेच्या कागदावर तो बाण नव्हता. एका पानावर दोन प्रश्न बसावेत म्हणून सित्तनीच झेरॉक्स काढताना खालच्या पट्टीवर कागद ठेवला होता. क्लासातल्या अकराजणांना इंग्रजी चित्र डावीकडून सुरू करायची सवय होती. जासिबनं गावच्या शाळेतल्या अरबी पुस्तकासारखं उजवीकडून वाचलं. इथं सगळेच तसं वाचतात.

पुस्तक घेऊन त्या उस्तादांच्या खोलीत गेल्या.

“बाण नव्हता कागदावर. चूक माझी आहे. जासिबचा गुण बदलावा लागेल.”

“कुणाचा? त्या म्हशीवाल्याचा?” उस्तादांनी पुस्तक पाहिलंसुद्धा नाही. “सित्त, अकराजणांना कसं समजलं?”

“सवयीनं.”

“झालं तर! आणि बदलायचाच तर बाराही जणांची परीक्षा परत घ्यावी लागेल. पथकाला काय सांगू, आंतरराष्ट्रीय दर्जाच्या संस्थेत बाण हरवला? ज्यांनी हरवला त्यांना मग ठेवता येईल का मला? तुम्हीच सांगा.”

उस्तादांनी निकालाची यादी पुढे सरकवली. तिच्यावर सही हवी होती. गॅलरीतला पंखा नुसता कण्हत होता. घरभाडं, गुडघ्याचं औषध, पेन्शन किती महिन्यांनी येते, हे सगळं त्यांच्या मनात आलं की नाही कोण जाणे. सही मात्र त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल ऐकायला जासिब आला. इस्त्रीचा सदरा, चपलांना चिबायिशचा चिखल.

“पाच,” सित्त म्हणाल्या.

“कुठं चुकलो, सित्त?”

“क्रम उलटा लिहिलात.”

त्यानं पेपर हातात घेतला, चित्राकडे बराच वेळ पाहिलं. “डावीकडून होतं होय! मीच गाढव.” मग एकदम उस्तादांचा आवाज काढून म्हणाला, “आपला दर्जा आंतरराष्ट्रीय, बरं का!” सित्तना हसू आलं नाही. तो स्वतःच ओशाळला. “पण सित्त, मी लहान होतो तेव्हा असंच झालं होतं. पाणी अडवणारे बांध लोकांनी फोडले आणि पाणी परत आलं. आधी कोरडं होतं, मग पाणी. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मला शंकाच आली नाही.”

बाणाचं सांगावं म्हणून सित्तनी तोंड उघडलं. शेजारच्या खोलीत उस्ताद फोनवर मोठमोठ्यानं हसत होते.

“पुढची परीक्षा कधी?” जासिबनं विचारलं.

“वर्षानं.”

“वर्षानं,” त्यानं मान हलवली. “तोवर आमच्याकडे सगळं तुमच्या बाजूनं, डावीकडूनच झालेलं असेल.”

कागद घडी करून त्यानं खिशात घातला, “देव तुमचं भलं करो” म्हणाला आणि जिना उतरला. सित्त पुढच्या तुकडीचे पेपर ओढून घेऊन बसल्या. दुपारपर्यंत त्यांनी एकही तपासला नव्हता.