चौदाचे वीस

अब्बा लातूरच्या डाळमिलांची यंत्रं दुरुस्त करायचे. औसा रोडला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट आणि बाहेर लिंबाखाली खोलून ठेवलेली यंत्रं. तूर सोलणाऱ्या रोलरभोवती लोखंडी जाळी असते. ती बोल्टनं घट्ट आवळलेली असते, त्यामुळे मोठा दाणा आत आला की त्याचा चुरा होतो. अब्बांनी ती जाळी स्प्रिंगवर बसवली. मोठा दाणा आला की जाळी जराशी मागं सरायची आणि दाणा न फुटता सोलून निघायचा.

एका मिलमालकानं त्यांना सांगितलं, "मिस्त्री, याचं पेटंट घ्या. न्हाईतर उद्या कुणीबी करून विकंल." त्याच्याच ओळखीनं अब्बा नांदेडच्या एका वकिलांकडे गेले. वकिलांनी आधी तात्पुरता मसुदा मुंबईला पाठवला. बसच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तसा. सगळा तपशील आणि आकृत्या असलेला पूर्ण मसुदा पुढच्या वर्षभरात द्यायचा होता.

तो द्यायच्या आधी भूकंप झाला. अब्बा किल्लारीजवळच्या एका गावात यंत्र बसवायला गेले होते. काम उरलं म्हणून गिऱ्हाइकाच्या घरीच मुक्कामाला राहिले. दगडमातीचं घर होतं. आमच्या लातूरच्या घराच्या भिंतीला फक्त एक तडा गेला. भाईजान मिलमालकाच्या जीपनं गेला आणि दोन दिवसांनी एकटाच परत आला. अब्बांना तिथंच दफन केलं होतं. पुढं ते गाव उठवून दुसरीकडे वसवलं. कबर जुन्या जागी राहिली.

मला रडू आलं नाही. मी बारावीला होते. कॉलेज सुरू झालं तशी मी जायला लागले. पहिल्याच तासाला सरांनी लंबकाचं गणित घातलं. मी ते सोडवलं आणि ते बरोबर आलं. घरी अम्मी भांडी घासायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची. लोक भेटायला येत. आम्ही चहा करायचो.

पुढच्या उन्हाळ्यात नांदेडहून वकिलांचा निरोप आला. अम्मी, भाईजान आणि मी बसनं गेलो. वकील म्हातारे होते, हळू बोलायचे.

"वर्षाच्या आत पूर्ण मसुदा गेला नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात," ते म्हणाले.

"पण अब्बा तर गेले," भाईजान म्हणाला.

"शोध त्यांचाच राहील, नाव त्यांचंच लागेल. अर्जदार म्हणून तुमच्या आईचं नाव लावू, वारस म्हणून."

मग आम्ही बसलो. भाईजान आठवून सांगायचा, मी आकृत्या काढायचे. जाळीला किती भोकं, स्प्रिंग कुठं, ती रोलरपासून किती लांब. अब्बांनी तोंडानं सांगितलेलं सगळं आता कागदावर उतरवायचं होतं. शेवटी अम्मीनं उर्दूत सही केली.

"मुदत किती?" भाईजाननं विचारलं.

"चौदा वर्षं. पूर्ण मसुदा दाखल होईल त्या दिवसापासून."

घरात आम्ही दखनी बोलायचो, पण वकिलांशी अम्मी मराठीतच बोलली. "आणि त्यांनी आधी दिलेलं? ते मोजायचं न्हाई?"

"तो हक्क राहतो, बाई. मधल्या काळात दुसऱ्या कुणी हेच मांडलं, तरी आधीचा मान तुमचा. पण वय मोजायचं ते पूर्ण मसुद्यापासून."

परतताना लोह्याला बस बराच वेळ थांबली. अब्बांच्या पेटंटचं वय ते गेल्यावर सुरू होणार, हे मला तिथं खिडकीत बसून समजलं. समजलं, एवढंच. अम्मीनं केळी घेतली. आम्ही ती खाल्ली.

पेटंट मिळायला काही वर्षं गेली. ती वर्षं चौदातूनच वजा होत होती. तोवर मी नांदेडला एम.एस्सी. करून लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागले होते. गावभर पोरं आली होती. परभणीची, बीडची, थेट विदर्भातली. गल्लोगल्ली होस्टेल आणि मेस निघाल्या. एका बॅचला शंभरावर मुलं बसायची. मी माईकवर शिकवायचे आणि माझाच आवाज मला मागच्या भिंतीवरून ऐकू यायचा.

भाईजाननं मग यंत्रात एक सुधारणा केली. स्प्रिंगचा ताण बाहेरूनच, यंत्र चालू असताना, कमीजास्त करता येईल असा स्क्रू बसवला. वकिलांनी त्याच्यापुढं दोन रस्ते ठेवले.

"वेगळा अर्ज केलास तर त्याची स्वतंत्र मुदत मिळेल. पण वडलांच्या शोधाहून हा पुरेसा निराळा आहे, हे सिद्ध करावं लागेल. नाहीतर त्याच पेटंटला जोड म्हणून घे. मग तेवढं सिद्ध करावं लागत नाही, वर्षाची फीही लागत नाही. मात्र मूळ संपलं की जोडही संपली."

"जोडच घ्या," भाईजान म्हणाला. त्यानं विचारही केला नाही.

नंतर कायदा बदलला. वकिलांचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. जी पेटंटं तेव्हा चालू होती, त्या सगळ्यांची मुदत चौदाची वीस झाली होती. मी अम्मीला सांगितलं.

"सहा वर्षं वाढली?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेली.

वाढलेल्या वर्षांपर्यंत पेटंट पोचलंच नाही. मोठ्या कंपन्यांची तयार यंत्रं आली, वर्कशॉपला काम उरलं नाही. भाईजाननं ती जागा एका क्लासला भाड्यानं दिली आणि तो पुण्याला कारखान्यात लागला. लिंब तोडून तिथं सायकल स्टँड केला. पेटंट चालू ठेवायला दरवर्षी फी भरावी लागते. ती त्या वर्षी कुणीच भरली नाही. वकिलांनी कळवलं, अजून अर्ज करून ते जिवंत करता येईल. मी भाईजानला फोन लावला.

"तुझा स्क्रूपण जाईल त्याच्याबरोबर," मी म्हणाले.

"माहीत आहे मला. जाऊ दे." मग त्यानं विचारलं, "अम्मी जेवली का?"

काही दिवसांनी लोह्याचा एक वर्कशॉपवाला पत्ता विचारत घरी आला. जाळीची ती युक्ती त्याला वापरायची होती आणि कुणाची परवानगी लागते का ते विचारायचं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. मुदत कुठून मोजतात, जोड कशी मूळ पेटंटबरोबर जाते, फी न भरल्यानं काय होतं.

"म्हणजे आता कुणीबी करू शकतंय?"

"कुणीही."

त्याचा विश्वास बसेना. त्यानं अम्मीकडे पाहिलं. "भाभी, तुमची हरकत न्हाई ना?"

अम्मीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "करा की," ती म्हणाली. "किल्लारीकडं कुणी मागितलं, तर तिकडंबी बसवून द्या."

त्यानं मान डोलावली. मी चहा ठेवायला उठले.