डुलकीमामांची शेवटची गादी

गाद्यांच्या त्या कारखान्यात बाकीचे घाम गाळायचे आणि डुलकीमामा झोपायचे. पगारही झोपण्याचाच घ्यायचे. हसू नका, काम जबाबदारीचं होतं. दारावरच्या पाटीवरच लिहिलेलं होतं, ‘झोपून पाहिलेली गादी’. प्रत्येक ढिगातली एक गादी मधल्या खाटेवर टाकायची, मामांनी तिच्यावर खरीखुरी झोप काढायची आणि उठून ‘पास’ म्हणायचं. त्याशिवाय माल दाराबाहेर पडत नसे. झोपेचं सोंग मामांना जमत नव्हतं. एकदा करून पाहिलं, तर घोरता घोरता स्वतःलाच हसू फुटलं.

कारखाना दोन साडूंच्या भागीदारीचा. बायका सख्ख्या बहिणी, एका ताटात जेवणाऱ्या. नवरे मात्र एकमेकांच्या उरावर बसलेले. धंदा डबघाईला आला तसा दोघांनी पगारावरचा हात आखडता घेतला आणि एक दिवस थोरल्याने खडू घेऊन कारखान्याच्या मधोमध रेघ ओढली. अलीकडचं माझं, पलीकडचं तुझं. रेघ नेमकी मामांच्या खाटेखालून गेली.

मामा पगार मागायला थोरल्याकडे गेले.

“मामा, झोपताना पाय कुठे असतात तुमचे? त्याच्या बाजूला. मग तुम्ही त्याचा माणूस!”

धाकटा म्हणाला, “अहो, डोकं त्याच्याकडे असतं ना? पगार काय पायांना देतात?”

असली अक्कल या दोघांनी धंद्यात वापरली असती तर कारखाना तरला असता, पण ती वेळेवर सुचेल तर ना! मामा त्या रात्री घरी कूस बदलत राहिले. मामींना सगळं कळलं तेव्हा त्या कामगार कचेरीत जाऊन, तिथल्या बाईंचं डोकं खाऊन आल्या.

“डोकं-पाय काही नाही,” मामींनी बजावलं. “भागीदारीतलं देणं दोघांच्याही मानेवर असतं. एकाने हात वर केले तर दुसऱ्याकडून सगळं मागायचं. आणि मालकांनी उरलंसुरलं वाटून घ्यायच्या आधी कामगारांचा पगार. तुमचा, कापूस पिंजणाऱ्याचा, शिवणाऱ्या दोघींचा. एकदा माल विकून दोघं पांगले की मग बसा टाळ्या वाजवत!”

आणि माल विकायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. एक लॉजवाला सगळ्या गाद्या उचलायला तयार झाला. पैसे खिशात घेऊनच आला होता, पण पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, “आधी झोपून दाखवा.”

मामा आडवे झाले. डोळे मिटले. पिंजणारा आणि शिवणाऱ्या दोघी अशी तिघं दाराशी उभी होती, ती मामांना मिटल्या डोळ्यांनीही दिसत होती. मामांना झोप काही येईना. थोरल्याने पंख्याने वारा घातला. धाकट्याने पाय चेपले, मग न राहवून अंगाई सुरू केली. त्याचा आवाज ऐकून मामा टक्क जागे झाले.

“मामा, असं काय करता!” दोघंही घायकुतीला आले.

“मी काही करत नाही हो मालक,” मामा रडकुंडीला येऊन म्हणाले. “झोपच लागत नाही. आम्हा चौघांचा पगार छातीवर बसलाय.”

“धाकटा देईल.”

“थोरला देईल.”

लॉजवाल्याने चपला घातल्या. “तुमचं चालू द्या. मी निघालो.”

तेव्हा कुठे दोन साडूंनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एकाच सुरात तोंड उघडलं, “देतो! दोघं मिळून देतो! आधी चौघांचे पैसे!”

लॉजवाला खमक्या होता. त्याने गाद्यांच्या पैशांतून चौघांचा पगार मोजून चौघांच्याच हातात ठेवला. शिवणारी मोठी बाई नोटा पदराला बांधताना मुसमुसली. मामांनी आपले पैसे आतल्या खिशात घातले, “हं, आता बघू,” म्हणाले आणि ‘बघू’ पुरतं संपायच्या आत घोरू लागले.

घोरणं असं की लॉजवाला खूश होऊन गाद्या भरायला लागला. शेवटची गादी त्याच्या माणसांनी मामांच्या खालून अलगद सरकवून काढली. मामा नुसत्या फळ्यांवर घोरत राहिले.

जाग आली तेव्हा कारखाना रिकामा होता. मामांनी आधी खिसा चाचपला. मग खाली पाहिलं. चौघांचा थकलेला पगार भागल्यावर दोघा साडूंना वाटणी करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. खडूच्या रेघेवर आडवेतिडवे पसरून ते दोघं उघड्या फरशीवर गाढ झोपले होते. धाकट्याचा पाय थोरल्याच्या पोटावर होता. कित्येक महिन्यांत त्यांचाही डोळा लागला नसणार. मामांना दोघांची फार दया आली. उद्यापासून आपल्याला काम नाही, हेही तेव्हाच नीट कळलं.

त्यांनी वाकून फरशीवर हात फिरवला, दोघांचं घोरणं कान देऊन ऐकलं आणि सवयीप्रमाणे म्हणाले, “पास.”

मग दार हळूच ओढून घेऊन ते घरी गेले.