जावयाचा डॅक

गेल्या रविवारी दारव्ह्याला, माझ्याच घरात, माझी चांगली जिरली. चारचौघांत सांगण्यासारखं नाही खरं तर... पण सांगतो.

आमचे बाबा बोरी अरबला राहतात. आयुष्य कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गेलं आणि शौक एकच, जुनी भावगीतं. बोरीहून आमचं दारव्हा जवळ. पण हल्ली बाबा दर आठवड्याला उलट्या दिशेच्या एसटीत बसतात आणि यवतमाळला माझ्या धाकट्या बहिणीकडे जातात. लेकीच्या घरी चहापुरतंच थांबावं असं मानणारा माणूस... तिथे दोन-दोन तास बसतो!

कारण संतोष, म्हणजे बहिणीचा नवरा. त्याने घरच्या घरी डॅक सुधारला. डॅक म्हणजे मोबाइलमधलं डिजिटल गाणं ॲम्प्लिफायरला कळेल असं करून देणारी डबी. त्याने आतली चिप बदलली, कपॅसिटर बदलले, आणि बहीण कौतुकाने फोनवर सांगते की बाबा डोळे मिटून ऐकतात.

मी जळून खाक झालो. अहो, गाण्याचा सेट घरात आधी मी आणला होता. संतोषला डॅक हा शब्दसुद्धा मीच शिकवला... आणि बाबा माझे आहेत.

मग मीही पेटलो. तीच चिप मागवली, घाईत माझ्या डॅकमध्ये उलटी बसवली, ती धूर सोडून मोकळी झाली. दुसरी मागवली. त्याच्यापेक्षा भारी कपॅसिटर लावले, साध्या ॲडॉप्टरऐवजी ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय केला. बायको म्हणाली, स्वयंपाकघरातला मिक्सर चार महिने बंद आहे, तिकडेही बघा. मला कुठलं ऐकू येतंय.

एवढ्यावरही थांबलो नाही. तसाच एक न बदललेला डॅक मित्राकडून आणला आणि दोन्हींच्या मध्ये स्विच बसवला. एकाच गाण्यात सुधारलेला आवाज आणि साधा आवाज बाबांना लगेच दाखवता येईल, असा माझा हिशोब. एकदा बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं की तुझा आवाज संतोषपेक्षा चांगला आहे... बस्स.

रविवारी बाबा आले. त्यांना बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं, गाणं लावलं. अर्ध्या मिनिटाने थांबवलं, स्विच फिरवला, विचारलं, फरक कळला का? पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. व्हायोलिन ऐका, तबल्याचा डग्गा ऐका, श्वास ऐका... पाच-सहा गाणी झाली असतील. बाबा घड्याळाकडे बघायला लागले.

मग न राहवून मी विचारलंच, की संतोषकडे असं काय आहे जे इथे नाही?

बाबा शांतपणे म्हणाले, "मले त्या मशीनमंधलं काई समजत नाही बा. तू गाणं मधातच तोडतं अन् मले परीक्षेले बसवतं. तो गाणं लावून देते अन् बाजूले बसून राह्यते."

मला राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला... मग कान गरम झाले. त्या पाच-सहा गाण्यांतलं एकही मी त्यांना पूर्ण ऐकू दिलं नव्हतं.

स्विच सोडला आणि त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. एक गाणं पूर्ण झालं, दुसरं झालं. तोंडाशी दहा वेळा आलेला प्रश्न दहा वेळा गिळला. तिसऱ्या गाण्याला बाबांनी डोळे मिटले, बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली. परतीची बस गेली तरी ते उठले नाहीत.

आवाज कुणाचा चांगला, ते अजून मला ठाऊक नाही. संतोषवर मी अजूनही जळतो... पण त्याच्या डॅकवर नाही. बाबांच्या शेजारी काहीही न विचारता दोन तास बसणं त्याला कुणी न सांगता जमलं, यावर जळतो. त्याला समोर थँक्यू म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून इथे लिहितोय.