छातीवरचा तळवा

हे मी मायला सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. ज्या पत्रकांतून मी दुसऱ्यांच्या ढोंगावर तुटून पडते, त्यांत तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे.

आम्ही हिंगणघाटचे. बाबा कापड गिरणीत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी युनियनची पत्रकं असायची, त्यांवरच मी वाचायला शिकले. अन्याय, धिक्कार, एकजूट — हे शब्द मला कमळ-बदकाच्या आधी आले. धाकटी शेवंता जन्मापासून बहिरी. तिला शब्द आले नाहीत. तिला आमचे चेहरे वाचावे लागायचे.

आपल्याला वाटतं, त्यात काय, राग दिसतोच, आनंद दिसतोच. दिसतो का खरंच? माणूस रागानं ओरडतो आहे की काळजीनं, हे आपल्याला आवाज सांगतो. शेवंताला नुसतं उघडलेलं तोंड दिसायचं. बाबांनी रस्त्यापलीकडे कुणाला मोठ्यानं हाक मारली की ती घाबरून कोपऱ्यात जायची. मायनं कांदा चिरला की मायचे डोळे पुसत स्वतःच रडायची. सगळ्यांत अवघड हसू. लोक आपल्यासोबत हसतात की आपल्याला हसतात — तिनं कसं ओळखायचं? दात तर दोन्हींत सारखेच दिसतात.

माय म्हणायची, "तुहं तोंड म्हणजे तिचे कान होय. सांभाळून वापरजो."

मग आम्ही दोघींनी आरशासमोर बसून खुणा ठरवल्या. लोक हसले की तिनं माझ्याकडे पाहायचं. मी छातीवर तळवा ठेवला तर हसू चांगलं, घाबरू नको. नाकाला बोट लावलं तर वाईट — धावत माझ्याकडे ये. ती कधी चुकली नाही. मीही नाही, त्या दिवसापर्यंत.

आणीबाणी उठल्यानंतरचा तान्हा पोळा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून आणतात, एकेक जण पुढे येऊन झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणतो आणि जमलेले लोक हात उंचावून गजर करतात. शेवंता दरवर्षी हे बघायची. तोंड उघडलं की लोक हात वर करतात — एवढंच तिला कळलेलं. त्या वर्षी ती आपला बैल ओढत सरळ मधोमध गेली आणि तिनं तोंड उघडलं.

तिचा आवाज — कसा सांगू? घशातून येणारा, जाडसर, वरखाली होणारा. मग सगळं मैदान हसायला लागलं.

मी कुठे होते? कॉलेजच्या पोरांच्या अभ्यास मंडळात उभी होते. आदल्याच आठवड्यात मी लिहिलेलं पहिलं पत्रक त्यांनी वाटलं होतं, आणि मी हवेत होते. त्यांतला एक हसत म्हणाला, "अबे, हे कोणाची पोरगी होय? रेडिओ बिघडला वाटते!" बाकीचे खिदळले. माणसं सगळी सारखी, असं दर रविवारी एकमेकांना समजावणारे आम्ही.

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं.

मी काही केलं नाही. ती पाहतच राहिली. पोरगी कोणाकडे बघते आहे म्हणून दोन-चार माना वळू लागल्या. नाकाला बोट लावलं असतं तर ती धावत येऊन मला बिलगली असती — मग सगळ्यांना कळलं असतं. तिनं माझ्यावरची नजर काढावी, एवढंच मला हवं होतं.

मी छातीवर तळवा ठेवला.

तिचा चेहरा उजळला. ती वळली आणि पुन्हा म्हणायला लागली, आणखी मोठ्यानं. लोक पोट धरून हसले. कुणी तिची नक्कल केली, तिला वाटलं आपल्याला साथ देतात. ती नाचायला लागली. मग गर्दीतून माय आली. शेवंतानं मायचा चेहरा पाहिला, मग माझा, मग पुन्हा मायचा. आणि तिचं तोंड मिटलं. बैल तिथेच पडून राहिला.

मायला वाटलं, मी उशिरा पोचले असेन. मी तसं वाटू दिलं.

पुढच्या वर्षी शेवंता नागपूरला बहिऱ्या मुलांच्या शाळेत गेली. तिथे चेहऱ्यांची चित्रं दाखवून भावना शिकवत. काही महिन्यांनी बाईंनी बोलावलं म्हणून बाबांसोबत मी गेले — तिच्या खुणा मलाच कळतात ना. बाईंनी टेबलावर चित्रं मांडली. शेवंतानं रडका चेहरा बरोबर ओळखला, रागीट ओळखला. हसरा चेहरा मात्र तिनं उचलून रागीट चेहऱ्यांत टाकला. बाई म्हणाल्या, "दरवेळी हेच करते. घरी काही झालं होतं का?"

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. आणि स्वतःच्या छातीवर तळवा ठेवून माझ्याकडे बोट दाखवलं.

"काय म्हणते ही?" बाईंनी मला विचारलं.

मी म्हणाले, "ताईची आठवण येते म्हणते."

बाबांचे डोळे भरून आले. बाईंनी समज कमी आहे असं ठरवून तिला एक वर्ष लहान मुलांच्या वर्गात बसवलं. ती तिथे उंटासारखी उंच दिसायची. मी पाहिलं आहे.

त्यानंतर मी खूप लिहिलं. अपंगांच्या थट्टेविरुद्धचं माझं पत्रक तर वर्ध्यापर्यंत वाटलं गेलं, लोकांनी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

शेवंता आता मोठी झाली. शिवण शिकते. परवा सुट्टीला आली, तेव्हा मी दारातच होते. तिला पाहून मला हसू आलं — खरं, आतून. ती थांबली. माझ्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं, मायचा चेहरा शोधला. तो हसतो आहे हे बघितलं, आणि मगच उंबरा ओलांडला.