परिचयाच्या चार ओळी

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं कुटुंब समुपदेशन केंद्र आहे. तिथं आम्ही तिघं काम करायचो. केंद्र मॅडमचं. कॉलेजात अनेक वर्षं मानसशास्त्र शिकवून, नोकरी सोडून त्यांनी ते सुरू केलं होतं. दुसरे सर. साठीकडे झुकलेले, मूळचे यवतमाळकडचे, शर्टाची वरची गुंडीही लावणारे. तिसरी मी. आयटी कंपनीत एचआरमध्ये बारा वर्षं काढली, मग घटस्फोट झाला, मग एमए केलं आणि चाळिशीत इथं आले.

लोकांना सर हवे असायचे. माझ्याकडे दिलेली जोडपीसुद्धा बाहेरच्या टेबलापाशी हळूच विचारायची, "सरांकडे नाही का मिळणार?" ते कुणाला समोर बसवत नसत. खुर्ची ओढून शेजारी बसवायचे, दोघांचीही तोंडं खिडकीकडे. "समोर बसवलं की माणसाला वाटते आपली चौकशी चालू आहे," असं एकदा मला म्हणाले होते. पुरुष गप्प राहिला तर त्याला घेऊन खाली जायचे, टिंगरेनगरच्या दिशेनं चालत सुटायचे आणि तासाभरानं परत यायचे. येताना तो माणूस बोलत असायचा.

त्या वर्षी मॅडमना वेबसाइट करून घ्यायची होती. मला म्हणाल्या, "लोक आता येण्याआधी आपण कोण आहोत ते बघतात. प्रत्येकाच्या परिचयाच्या चार ओळी लिहा आणि प्रमाणपत्रांच्या प्रती फाइलला लावा."

मॅडमचं शिक्षण चार ओळींत मावेना. माझ्या चार मी कशाबशा जमवल्या. सर म्हणाले, "माझ्या तुम्हीच लिहा ना ताई. एमएसडब्ल्यू, नागपूर. बस्स."

"प्रमाणपत्राची प्रत लागेल सर."

"देतो ना."

पहिल्यांदा ते गावच्या पेटीत होतं. मग पुतण्या पाठवणार होता. मग पेटीला वाळवी लागली होती. महिना गेला. मी कंपनीत असताना शेकडो लोकांची कागदपत्रं तपासली होती, असली उत्तरं मला पाठ होती. मी सरांना न सांगता, त्यांच्याकडून ऐकलेल्या नागपूरच्या समाजकार्य कॉलेजला मेल केला. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. या नावाच्या विद्यार्थ्याची नोंद आढळत नाही.

तो मेल मी दोन दिवस कुणाला दाखवला नाही. सरांना आधी विचारावं, असं मनात येऊन गेलं. पण मेल आला त्याच शुक्रवारी एक बाई माझ्याकडची पुढची वेळ रद्द करून सरांची घेऊन गेली, आणि सोमवारी सकाळी मी मेलचा कागद छापून मॅडमच्या टेबलावर ठेवला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

मॅडमनी सरांना आत बोलावलं, मलाही थांबायला सांगितलं.

"एमएसडब्ल्यू कुठून केलंत आपण?"

सरांनी कागद वाचला, घडी घातली, परत टेबलावर ठेवला. "नाही केलं, मॅडम."

"मग काय केलंय?"

"दहावी. बारावीला बसलो होतो."

मग त्यांनी सांगितलं. भोसरीच्या एका कारखान्यात ते मशीनवर होते. दारू होती. बायकोनं आठ वर्षं काढली आणि एक दिवस दोन्ही मुलांना घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नातेवाइकांनी आणून टाकलं. तिथं दारू सुटली, पण जायला घर नव्हतं म्हणून ते तिथंच राहिले. आधी झाडलोट, मग नवीन आलेल्या पेशंटजवळ बसणं. अशी अकरा वर्षं. जे काही येतं ते तिथं शिकलो, म्हणाले.

"हे मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला शिपाई म्हणून ठेवलं असतं."

मॅडमनी तो कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाल्या, "दारू सोडणं ही पदवी नव्हे."

"नाही मॅडम. नाहीच."

"कायद्यानं काय लागतं, काय नाही, ते बाजूला ठेवा. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. उद्या एखाद्यानं कोर्टात विचारलं तर केंद्र बंद होईल." त्यांनी कोरा कागद पुढे केला. केंद्रात येणाऱ्या कुठल्याही व्यक्तीशी यापुढे प्रत्यक्ष किंवा फोनवर संपर्क ठेवणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. सरांनी सावकाश, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात लिहिलं. सही केली. तारीख घालायची का, विचारलं.

जाताना ते माझ्या दारात थांबले. ते रागावतील या तयारीत मी होते. ते म्हणाले, "ताई, तो वाघोलीवाला तुमच्याकडे येईल. त्याला समोर नका बसवू."

मला त्यांचा राग आला. मला शिकवतायत, असं वाटलं.

वाघोलीचं ते घर मूळचं शेतकऱ्याचं. नगर रस्त्यालगतची जमीन बिल्डरनं घेतली, गोठ्याच्या जागी इमारत आली आणि पस्तिशीच्या मुलाला दिवसभर करायला काही राहिलं नाही. तो प्यायला लागला. घरात त्याची आई, बायको आणि सात वर्षांची मुलगी. सर त्याला वर्षभर भेटत होते. त्यातले शेवटचे आठ महिने तो प्यायला नव्हता.

तो ठरल्या वेळेला आला. मी खुर्ची हलवली नाही. तो माझ्या समोर बसला आणि दाराकडे बघत राहिला.

"सर कुठंयत?"

मॅडमनी मला एक वाक्य ठरवून दिलं होतं. मी ते म्हटलं. "ते आता आपल्या केंद्रात काम करत नाहीत. यापुढे आपण दोघं बोलू."

"वारले का?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"मग फोन का उचलत नाहीत?"

मी त्याला सांगितलं की त्याच्या मनातला गोंधळ मला समजतोय. बस थांब्यावर कुणी अनोळखी माणूस अंगाला खेटावा, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाचेक मिनिटांनी "बरं" म्हणून उठला. पुन्हा आला नाही.

पुढच्या महिन्यात त्याची बायको एकटी आली. तो पुन्हा प्यायला लागला होता. तिनं उजव्या हाताचं मधलं बोट दाखवलं. ते पेरापासून वाकडं जुळलं होतं.

"हे आत्ताचं?"

"नाही मॅडम, हे जुनं. सरांना दाखवलं होतं."

त्या संध्याकाळी मी सरांच्या सगळ्या फाइली काढून बसले. नोंदी तोकड्या, निळ्या शाईत. तिच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, 'पत्नीच्या बोटाला दुखापत, पतीकडून. पतीला पश्चात्ताप आहे. अजून थोडा वेळ द्यावा.' मी दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. चार वर्षांत त्यांच्याकडे आलेल्या एकाही बाईला त्यांनी वेगळं राहा असं सुचवलेलं नव्हतं. प्रत्येकीला वेळ द्यायला सांगितलं होतं. एका बाईला तर तीन वेळा. त्यांच्या बायकोनं जे दिलं नाही ते हा माणूस दुसऱ्या बायकांकडून मागत होता, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. आपण मेल केला ते बरोबरच होतं.

वाघोलीच्या बाईला मी वेगळं सांगितलं. कागद कुठले सोबत घ्यायचे, पोलीस चौकीचा नंबर, वकील, मुलीच्या शाळेचा दाखला, सगळं आम्ही दोघींनी बसून लिहिलं. हे मला चांगलं येतं. मी स्वतः त्यातून गेले होते. शाळेला सुट्टी लागल्यावर ती मुलीला घेऊन शिरूरकडे माहेरी गेली. पोचल्यावर तिनं फोन केला. "आज जेवले मी नीट," म्हणाली.

दोन महिन्यांनी तिचा नवरा गेला. भर दुपारी, नगर रस्त्यावर, कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर त्याची मोटरसायकल मागून आदळली. प्यायलेला होता. पोलिसांनी अपघात असं लिहिलं. सरळ रस्ता, लख्ख ऊन आणि एवढा मोठा ट्रक, तेव्हा त्याला तो दिसला नाही की दिसूनही थांबला नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्याची आई केंद्रात आली ती दिवसकार्य झाल्यावर. वेळ घेतली नव्हती. बाहेरच्या खोलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी आत बोलावलं, पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही.

"त्या सरांना का काढलं तुम्ही?"

ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते या बाईला म्हणवेना. मी म्हटलं, "आजी, त्यांच्याकडे डिग्री नव्हती. त्यांनी खोटं सांगितलं होतं."

"तुमच्याकडं हाय?"

"हो."

ती म्हणाली, "माझं पोरगं आठ म्हैनं प्यालं न्हाई. आठ म्हैनं. संध्याकाळी माझ्या शेजारी बसून जेवायचं." मग तिनं पिशवी उचलली. "सुनेला तुम्हीच धाडलं ना म्हायेरी?"

मी म्हटलं, निर्णय त्यांचा होता. ते खरंच होतं. ती हसल्यासारखं करून निघून गेली.

त्यानंतर मी सरांचा पत्ता शोधला. कात्रजला, दूध डेअरीच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या एका खोलीत ते राहत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. चहा टाकला. खोलीत कॉट, स्टोव्ह, वर्तमानपत्रांची रास, आणि भिंतीवर दोन लहान मुलांचा शाळेच्या गणवेशातला एक फोटो, रंग उडालेला. ती मुलं आता पंचविशीच्या आसपास असणार.

बातमी त्यांना कळलेली होती.

"तो मला फोन करायचा," ते म्हणाले. "आधी रोज. मग एक दिवसाआड. शेवटच्या आठवड्यात सकाळी-दुपारी, केव्हाही."

"तुम्ही उचलला नाही?"

"लिहून दिलं होतं ना." त्यांनी कपात चहा गाळला. "खोटं बोललो म्हणून मला काढलं, ते बरोबरच होतं. वाटलं, निदान सही तरी खरी ठेवू."

मग मी बोलले ते भलतंच. फाइलींचं. म्हटलं, "सर, तिचं बोट मोडलं होतं. तुम्ही लिहिलंत, थोडा वेळ द्यावा."

"हो."

"का?"

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "तो सुधरत होता, ताई. मला दिसत होतं. मी त्याच्याकडेच पाहत होतो." मग हळू आवाजात म्हणाले, "तिच्याकडे पाहायला पाहिजे होतं."

निघताना त्यांनी मला बस थांब्यापर्यंत सोडलं. मी म्हटलं, मॅडमशी बोलून पाहते. ते म्हणाले, "काहून? मी नाही येणार आता." बस आली तेव्हा ते वळून गेलेले होते.

फोनचं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "फोनचं ते वाक्य मी लिहायला लावलं," म्हणाल्या. बस, एवढंच. सरांचा तो कागद अजून त्यांच्या खणात आहे. वेबसाइटवर आता आम्ही दोघीच आहोत.

वाघोलीची बाई पावसाळा संपता संपता एकदा आली. अंगानं भरली होती, केस कापून घेतले होते. शिरूरला एका दवाखान्यात नोंदणीच्या कामाला लागली होती. सासूनं कोर्टात अर्ज केला होता, नात माझ्याकडे द्या म्हणून. त्याला उत्तर द्यायला हिला आमच्याकडून पत्र हवं होतं, ती इथं येत होती, मारहाण सांगत होती, असं.

मी पत्र टाइप करत होते तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, मी गेले नसते तर?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला शिकवलेलं असतं. कुणाच्या मृत्यूची जबाबदारी तुमच्यावर नाही, तुम्ही स्वतःचा आणि मुलीचा जीव वाचवलात. मी तेच सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि मी तो आजही सांगीन. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं, दवाखान्यात रोज कितीतरी लोकांना असंच समजावताना तिनं ऐकलं असेल.

"सासूबाईंचा राग येत नाही मला," ती म्हणाली. "त्यांच्याकडे आता दुसरं आहे काय? पण मुलगी नाही देणार."

"देऊ नका."

"तुम्हाला एक सांगू? मला ना राहायचं होतं, ना जायचं होतं. त्यानं न पिता घरी असावं, एवढंच पाहिजे होतं मला."

मी पत्र छापलं. मॅडमनी सही करून शिक्का मारला. तिनं ते दोनदा वाचलं, तारीख तपासली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं, आणि शिरूरची गाडी चुकेल म्हणून घाईघाईनं जिना उतरून गेली.